जुने हायब्रिड सिंथेसायझर: ऐकायचे कसे, निवडायचे कसे, वाजवायचे कसे

पीपीजी वेव्ह २.२ या जुन्या जर्मन सिंथेसायझरवर खर्जातला एक स्वर दाबून धरा, फिल्टर (आवाजातले वरचे सूर कापणारा भाग) अर्धवट मिटा आणि वेव्हटेबल, म्हणजे ओळीने साठवलेल्या लहरींचा संच, सावकाश पुढे सरकू द्या. आवाज आधी टणक असतो, मग पोकळ होतो, मग माणसाच्या कंठाकडे झुकतो. या बदलातल्या पायऱ्या कानाला कळतात, पण बोचत नाहीत. पायऱ्या डिजिटल ऑसिलेटरच्या, म्हणजे मूळ लहर तयार करणाऱ्या भागाच्या, असतात आणि त्यांची धार काढून घेण्याचं काम पुढचा अ‍ॅनालॉग फिल्टर करतो. जुन्या हायब्रिड सिंथेसायझरांची सगळी ओढ या एका सांध्यात आहे. तो सांधा ऐकायला शिकलं, की यंत्र निवडणं, तपासणं आणि त्यावर पॅच (साठवून ठेवता येणारी आवाजाची मांडणी) घडवणं ही तिन्ही कामं सोपी होतात. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

सिग्नलचा रस्ता

हायब्रिड यंत्रात लहरीचं एक आवर्तन मेमरीत आकड्यांच्या रूपात साठवलेलं असतं. पट्टी दाबली की ते आकडे स्वराच्या उंचीनुसार कमी-जास्त वेगाने वाचले जातात आणि त्यांचं विजेच्या दाबात रूपांतर होतं. इथे डिजिटल भाग संपतो. पुढे प्रत्येक व्हॉइसला, म्हणजे एका वेळी एक स्वर वाजवणाऱ्या सर्किटला, स्वतःचा अ‍ॅनालॉग फिल्टर आणि अ‍ॅनालॉग अ‍ॅम्प्लिफायर असतो. एन्व्हलप (पट्टी दाबल्यापासूनचा आवाजाचा चढउतार) आणि एलएफओ (आवाज हलवणारी संथ लहर) बहुतेक यंत्रांत प्रोसेसरच मोजतो. त्याने ठरवलेला आकडा व्होल्टेज होऊन फिल्टरपर्यंत पोहोचतो.

रोलँडच्या ज्युनो-१०६ लाही काही जण हायब्रिड म्हणतात. मी त्याला या घराण्यात धरत नाही. त्यात डिजिटल घड्याळ फक्त स्वर स्थिर ठेवतं, लहर मात्र अ‍ॅनालॉग सर्किटमध्येच तयार होते. वाद्य सुंदर आहे, पण आपण ज्या सांध्याविषयी बोलतोय तो त्यात नाही. दुसऱ्या टोकाला यामाहाचा १९८३ चा डीएक्स७. तो पूर्ण डिजिटल, आणि त्यात फिल्टरच नाही.

मग हा मधला प्रकार आला कुठून? हिशेबातून. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मेमरी महाग होती, प्रोसेसर मंद होते. आठ व्हॉइसना प्रत्येकी एक रेझोनन्सवाला (कापण्याच्या सीमेवरचे सूर उचलणारा) फिल्टर डिजिटल गणिताने चालवणं अशा वाद्याला परवडणारं नव्हतं. त्याच काळात कर्टिस आणि एसएसएम या कंपन्यांच्या चिपमध्ये अख्खा अ‍ॅनालॉग फिल्टर मावू लागला होता. चित्रविचित्र लहरी हव्यात तर मेमरीतून घ्या आणि त्यांना वळण द्यायला ही चिप लावा, हा त्या काळचा शहाणा तोडगा. हँबर्गच्या वोल्फगांग पाम यांच्या पीपीजी वेव्हमध्ये त्याचं सगळ्यात धीट रूप दिसतं.

थोडं गणितही लक्षात असू द्या, कारण कानाला जे ऐकू येतं ते यातूनच येतं. ८ बिट म्हणजे लहरीच्या उंचीच्या फक्त २५६ पायऱ्या. एका बिटमागे साधारण ६ डेसिबल धरले, तर मूळ लहर आणि तिच्यासोबतची खरखर यांत जेमतेम ४८ डेसिबलचं अंतर उरतं. १२ बिटमध्ये पायऱ्या ४०९६ होतात आणि अंतर ७२ डेसिबलच्या आसपास जातं. याशिवाय स्वर चढत गेला, की लहरीतले वरचे हार्मोनिक (मूळ स्वरासोबतचे उपस्वर) सॅम्पलिंगच्या, म्हणजे आकडे वाचण्याच्या वेगाच्या, मर्यादेवर आपटून खाली परततात. यालाच एलियासिंग म्हणतात. परतलेल्या या आवाजांचं मूळ स्वराशी सुरेल नातं राहत नाही, त्यामुळे वरच्या सप्तकांत एक धातूसारखी किनार येते.

कान तयार करा

यंत्र शोधायला निघण्याआधी हा सराव करा. हाताशी यंत्र नसेल तर जुन्या हायब्रिडची नक्कल करणारं एखादं सॉफ्टवेअर चालेल. वोल्डॉर्फने पीपीजी वेव्ह आणि आर्टुरियाने एन्सॉनिक एसक्यू-८० सॉफ्टवेअरच्या रूपात आणले आहेत. दोन्ही या कामाला पुरेसे आहेत.

एकच ऑसिलेटर चालू ठेवा. फिल्टर पूर्ण उघडा, रेझोनन्स शून्यावर न्या, कोरस आणि डिले बंद करा. सगळ्यात खालचा स्वर वाजवा आणि एकेक सप्तक वर चढत जा. खाली आवाज भरलेला आणि किंचित वाळूसारखा लागेल. ती वाळू म्हणजे मघाच्या पायऱ्या. वर गेल्यावर स्वरासोबत एखादी परकी शीळ येते का पाहा. शीळ सापडली की पिच बेंड हळूहळू वर न्या. स्वर वर जाईल आणि शीळ खाली उतरेल. एलियासिंगची याहून पक्की खूण नाही. ही गोष्ट एकदा ऐकली की नंतर कुठल्याही रेकॉर्डिंगमध्ये ओळखू येते. काही यंत्रांत मात्र स्वरागणिक वाचनाचा वेग, म्हणजे घड्याळच, बदलतं. तिथे शीळ अशी उलटी पळत नाही, स्वराबरोबरच सरकते.

आता तोच स्वर धरून ठेवा आणि फिल्टर सावकाश मिटा. आधी शीळ जाईल, मग वाळू, आणि शेवटी लहरीचा गाभा उरेल. परत उघडताना मधल्या एका ठिकाणी वाळू नुसती जाणवते, ऐकू येत नाही. त्या जागी बोट थांबवा. या यंत्रांवरचे उत्तम पॅच बहुतेक तिथेच आसपास राहतात. मग रेझोनन्स थोडा वाढवा आणि फिल्टर पुन्हा फिरवा. खडबडीत लहरीत हार्मोनिकांची दाटी असते, त्यामुळे रेझोनन्सला प्रत्येक इंचावर उचलायला काहीतरी सापडतं. साध्या सॉटूथवर, म्हणजे करवतीच्या दातांसारख्या लहरीवर, हाच फिल्टर फिरवून पाहिलात तर फरक लगेच कळेल.

कोणतं यंत्र

इथे मी माझी आवडनिवड लपवणार नाही.

सुरुवात करणाऱ्याला मी एन्सॉनिक ईएसक्यू-१ सुचवेन. हा १९८६ चा. आठ व्हॉइस, प्रत्येक व्हॉइसला तीन ऑसिलेटर, ३२ लहरी, कर्टिसचा फिल्टर, चार एन्व्हलप, तीन एलएफओ आणि वर स्वरांची मालिका साठवून वाजवणारा सिक्वेन्सर. त्याच्या आत ५५०३ ही चिप आहे. ती बॉब यानेस यांनी रचली, आणि कमोडोर ६४ मधली प्रसिद्ध सिड चिपही त्यांचीच. हीच ५५०३ पुढे अ‍ॅपल टू जीएस या संगणकातही बसली. ईएसक्यू-१ ची मोठी सोय म्हणजे त्याचा रुंद डिस्प्ले. एका पानावर दहा पॅरामीटर एकदम दिसतात आणि ज्याच्याशेजारचं बटण दाबाल ते बदलता येतं. त्या दशकातल्या बहुतेक यंत्रांवर एका वेळी एकच आकडा दिसायचा, त्यामुळे हा फरक रोजच्या वापरात फार मोठा ठरतो. त्याचा थोरला भाऊ एसक्यू-८०: ७५ लहरी, फ्लॉपी ड्राइव्ह, आणि प्रत्येक बोटाचा दाब वेगळा ओळखणारा कीबोर्ड.

कॉर्ग डीडब्ल्यू-८००० हा १९८५ चा. आठ व्हॉइस, दोन ऑसिलेटर, १६ लहरी. यादी छोटी आहे, पण आवाज मऊ आणि भरदार. याच्या दोन गोष्टी मला विशेष आवडतात: आतच असलेला डिजिटल डिले आणि सहा टप्प्यांचा एन्व्हलप. त्याविषयी पुढे पॅचच्या भागात लिहितो. आधीचा डीडब्ल्यू-६००० सहा व्हॉइसचा आणि आठ लहरींचा. कीबोर्ड नको असेल तर ईएक्स-८००० हे डीडब्ल्यू-८००० चंच रॅकमधलं रूप आहे.

कावाई के३ कडे लोकांचं लक्ष कमी जातं, आणि ते मला पटत नाही. व्हॉइस सहाच, पण फिल्टर एसएसएम २०४४, म्हणजे पीपीजी वेव्हमध्ये जो आहे तोच. शिवाय हार्मोनिक निवडून स्वतःची एक लहर घडवता येते.

सिक्वेन्शियलचा प्रॉफेट व्हीएस १९८६ मध्ये आला. चार ऑसिलेटर एका चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर ठेवायचे आणि जॉयस्टिकने त्यांच्यात फिरायचं, ही व्हेक्टर सिंथेसिसची कल्पना त्यात पहिल्यांदा आली. कंपनी लवकरच यामाहाकडे गेली, त्यामुळे ही यंत्रं थोडीच बनली. पुढे डेव्ह स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉर्गसाठी १९९० मध्ये वेव्हस्टेशन केला. तो पूर्ण डिजिटल आहे आणि त्याच्या फिल्टरला रेझोनन्स नाही. या दोघांची रेकॉर्डिंग लागोपाठ ऐका. कल्पना एकच, पण व्हीएसमध्ये जॉयस्टिकने निवडलेली लहर पुढे फिल्टरशी झगडते. वेव्हस्टेशनमध्ये ती तशीच बाहेर येते. वेव्हस्टेशनला स्वतःचं वैभव आहेच, ते वेगळ्या जातीचं.

पीपीजी वेव्ह २.२ आणि २.३ यांची मोहिनी वादातीत आहे. आठ व्हॉइस, ६४ जागांची वेव्हटेबलं आणि पुढच्या पाटीवर हाताला लागणारे भरपूर नॉब. पण जवळ दुरुस्ती करणारा जाणकार माणूस नसेल तर त्यांच्या मागे लागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पीपीजी १९८७ मध्ये बंद पडली. तिच्या वेव्हटेबलांचा वारसा १९८९ च्या वोल्डॉर्फ मायक्रोवेव्हमध्ये आला, तोही कर्टिसच्या अ‍ॅनालॉग फिल्टरसह. पीपीजीचा स्वभाव रॅकमध्ये हवा असेल तर हाच मार्ग धरावा. फक्त त्याच्या पुढच्या पाटीवरून पॅच करणं जिकिरीचं आहे. संगणकावरचा एडिटर आधी शोधून ठेवा.

सॅम्पलरही याच कुटुंबातले. एन्सॉनिक मिराज आणि इमू एम्युलेटर टू या दोघांतही ८ बिटच्या सॅम्पलपुढे अ‍ॅनालॉग फिल्टर आहेत. त्यांची देखभाल हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

आणि जुन्या यंत्राची निगा राखणं शक्य नसेल, तर हाच सांधा नव्या वाद्यांतही मिळतो. नोव्हेशन पीक, आर्टुरिया मायक्रोफ्रीक आणि वोल्डॉर्फ एम या तिघांत डिजिटल ऑसिलेटर आणि अ‍ॅनालॉग फिल्टर आहेत. वोल्डॉर्फ एम तर उघडउघड मायक्रोवेव्हच्या वाटेवरचा.

विकत घेण्याआधीची तपासणी

यंत्र प्रत्यक्ष पाहायला जाताना हेडफोन, मिडी केबल (वाद्य आणि संगणक जोडणारी) आणि लॅपटॉप सोबत न्या. मालकाला आधीच सांगा की यंत्र अर्धा तास चालू ठेवून बघायचं आहे. गरम झाल्यावरच उघडे पडणारे दोष यात पकडले जातात.

प्लग लावण्यापूर्वी मागची पाटी वाचा. जपानी बाजारासाठी बनलेली यंत्रं १०० व्होल्टची असतात, अमेरिकेतली १२० ची, युरोपातली २२० ते २४० ची. १०० व्होल्टचं यंत्र थेट २३० वर लावलं तर वीजपुरवठा जळू शकतो. योग्य ट्रान्सफॉर्मर लागेल, आणि तो यंत्राच्या वॅटपेक्षा जास्त क्षमतेचा हवा.

चालू केल्यावर पहिल्या मिनिटात फक्त ऐका आणि वास घ्या. स्पीकरमधून सलग गुरगुर येत असेल तर वीजपुरवठ्यातले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर थकलेले असण्याची शक्यता मोठी. ते बदलता येतात, पण किंमत ठरवताना हे काम धरून चाला.

आता सगळ्यात महत्त्वाची परीक्षा. तिच्याशिवाय मी कुठलंही हायब्रिड घ्यायला सांगणार नाही. एक साधा पॅच करा: सॉटूथसारखी भरलेली लहर, फिल्टर मध्यावर, रेझोनन्स बराच वर, एन्व्हलपचा फिल्टरवर काहीच परिणाम नाही, एलएफओ बंद, रिलीज (पट्टी सोडल्यावर आवाज विरण्याचा काळ) शून्य. मधल्या सप्तकातला एकच स्वर तुटकपणे सोळा वेळा वाजवा. व्हॉइस आळीपाळीने वापरणाऱ्या यंत्रात प्रत्येक ठोका पुढच्या व्हॉइसकडे जातो, म्हणजे आठ व्हॉइसच्या यंत्रात प्रत्येक फिल्टर दोनदा ऐकू येतो. ठोक्याठोक्यात किंचित फरक असणारच. अ‍ॅनालॉग फिल्टर एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत आणि कॉर्ड वाजवताना जी जिवंत हालचाल येते ती त्याच फरकातून. पण दर आठवा ठोका एकदम बोदा येत असेल, किंवा तिथे आवाजच नसेल, तर त्या व्हॉइसची चिप किंवा तिला व्होल्टेज पोहोचवणारा भाग गेलेला आहे. यंत्र व्हॉइस फिरवत नसेल तर डाव्या हाताने पट्ट्या एकेक वाढवत धरून ठेवा आणि उजव्या हाताने तोच वरचा स्वर वाजवा. अशाने न वापरलेले व्हॉइस पुढे यायला भाग पडतात.

ज्या यंत्रांचा फिल्टर पूर्ण रेझोनन्सवर स्वतःच शीळ घालतो, त्यांत आणखी एक चाचणी होते. ऑसिलेटरचा आवाज शून्य करा आणि प्रत्येक व्हॉइसच्या शिळेची उंची ताडून पाहा. काही यंत्रांत फिल्टर स्वतःहून जुळवून घेण्याची सोयही असते. ती मॅन्युअलमध्ये शोधून आधी चालवा, मगच निकाल द्या. बिघडलेला फिल्टर आणि नुसता सुटलेला फिल्टर यांच्या किमतीत बराच फरक पडतो.

बाकीचं भराभर उरकता येतं. प्रत्येक पट्टी हळू आणि जोरात वाजवा. प्रत्येक बटण दाबा. एकदा दाबल्यावर दोनदा गेलं तर स्विच झिजलेला. डेटा स्लायडर टोकापासून टोकापर्यंत न्या आणि आकडा मध्ये उड्या मारतो का पाहा. पिच बेंड सोडल्यावर स्वर जागेवर येतो का बघा. डिस्प्लेतली सगळी अक्षरं उजळतात का पाहा. मिडी लावून दोन्ही दिशांनी नोट जाते का तपासा. सेव्ह केलेला पॅच यंत्र बंद करून चालू केल्यावर टिकला नाही, तर बॅटरी संपलेली आहे. ते काम लहान असलं तरी भाव करताना बोलून दाखवायला हरकत नाही.

घरी आल्यावर

पहिलं काम पॅच वाचवण्याचं. स्क्रू उघडण्याआधी. मिडी जोडून सिसेक्स डंप (मिडीवरून घेतलेली पॅचची प्रत) घ्या आणि फाइलला यंत्राचं नाव व तारीख द्या. डंप परत यंत्रात पाठवून तो खरंच वाचला जातो की नाही, हेही लगेच बघून घ्या. काही यंत्रांना कॅसेटची जोडणी असते, डीडब्ल्यू-८००० ला आहे. कॅसेटऐवजी संगणकावर रेकॉर्ड करता येतं, फक्त फाइल डब्ल्यूएव्ही ठेवा. एमपीथ्रीच्या दाबणीत डेटाचे सूर बिघडण्याचा धोका असतो.

मग बॅटरी. बहुतेक यंत्रांत ३ व्होल्टचा लिथियम सेल बोर्डावर सोल्डर केलेला असतो. तो काढून त्या जागी सेल-होल्डर बसवला की पुढच्या वेळी सोल्डरिंग करावं लागत नाही. पण एक गोष्ट नीट तपासा: काही जुन्या वाद्यांत चार्ज होणारी निकेल-कॅडमियम बॅटरी असते. तिच्या जागी साधा लिथियम सेल सरळ बसवला तर सर्किट त्याला चार्ज करायला जाईल आणि ते धोक्याचं आहे. तिथे डायोड लावून उलटा प्रवाह अडवावा लागतो. निकेल-कॅडमियमची दुसरी खोड म्हणजे गळती. कॉर्गचा पॉलीसिक्स हायब्रिड नाही, पण गळक्या बॅटरीने बोर्डावरच्या रेषा खाल्ल्याचं सगळ्यात ठळक उदाहरण तोच आहे. हिरवट-पांढरी पूड दिसली तर थांबा आणि जाणकाराकडे न्या.

झाकण उघडताना वायर काढून ठेवा. वीजपुरवठ्याच्या भागातले मोठे कपॅसिटर प्लग काढल्यावरही काही काळ भारलेले असतात, त्यांना हात लावू नका. चिपला स्थिर विजेचा धक्का बसू नये म्हणून मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधा. कीबोर्डच्या रबरी संपर्कांना आयसोप्रोपिल अल्कोहोलचा ओलसर बोळा पुरतो. काळ्या कार्बनच्या ठिपक्यांवर जोर देऊन घासू नका, तो थर निघून जातो. वीजपुरवठ्याची दुरुस्ती आणि चिप बदलणं ही कामं सरावलेल्या हाताकडेच द्यावीत. एसएसएम २०४४ च्या रचनेचा वारसा चालवणारी एसएसआय २१४४ ही नवी चिप आता बनते. पण तिच्या पायांची मांडणी वेगळी आहे, त्यामुळे जुनी काढून नवी तशीच खोचता येत नाही.

पॅच घडवणं

फॅक्टरीचे पॅच ऐका, मग बाजूला ठेवा. त्यातले कित्येक पितळी वाद्यं आणि पियानोची नक्कल करायला बनवलेले आहेत. त्या काळात ग्राहकाला तेच हवं होतं. आज या यंत्रांची खरी ताकद वेगळीकडे आहे.

ईएसक्यू-१ वर एक सावकाश उमलणारा पॅच करू. पहिल्या ऑसिलेटरला व्हॉइस १ ही लहर द्या, ऑक्टेव्ह ०. दुसऱ्याला बेल, ऑक्टेव्ह +१, फाइन ५ च्या आसपास. तिसऱ्याला सॉ, ऑक्टेव्ह −१. तिन्हींच्या पातळ्या ५०, ४० आणि ३५ पासून सुरू करा. फिल्टरची फ्रीक्वेन्सी ४० वर, क्यू (म्हणजे रेझोनन्स) ८ वर आणि कीबोर्ड ट्रॅकिंग (स्वर चढेल तसा फिल्टर किती उघडतो ते) ३० च्या आसपास ठेवा. ट्रॅकिंग शून्यावर राहिलं तर वरचे स्वर गुदमरतात. फार वाढवलं तर वरची शीळ मोकळी सुटते.

आता एन्व्हलप ३ फिल्टरला जोडा, खोली +३० धरून, आणि त्याचा पहिला टप्पा २५ ते ३५ च्या दरम्यान संथ ठेवा. एन्व्हलप ४ शेवटच्या अ‍ॅम्प्लिफायरला कायमचा जोडलेला असतो. त्याचा पहिला टप्पा थोडा जलद आणि शेवटचा लांब ठेवा. एन्व्हलप २ ला बेलच्या पातळीवर सोडा: झटकन वर, मग उतरत जाणारा. एक कॉर्ड धरा. आधी बेल येईल, पण फिल्टर अजून मिटलेला असल्याने तिची टोकं झाकलेली असतील. मग बेल उतरू लागेल आणि फिल्टर उघडू लागेल, तशी व्हॉइसची लहर पुढे येईल. खाली सॉ जमीन धरून राहील. फिल्टरची खोली ३० वरून ४५ वर नेऊन पाहा: उमलणं झगझगीत होतं आणि व्हॉइस १ मधली खरखर वर येते. मला ३४ च्या आसपास गोड वाटतं. तुमच्या यंत्राचे फिल्टर थोडे वेगळे असतील, तेव्हा तुमचा आकडा तुम्हीच शोधा.

इथे वापरलेली युक्ती सगळ्या हायब्रिडांना लागू पडते. लहर आणि फिल्टर एकाच दिशेने चालवू नका. लहर उजळत असेल तर फिल्टर मिटत न्या. लहर मंदावत असेल तर फिल्टर उघडा. पीपीजी किंवा मायक्रोवेव्हवर वेव्हटेबलची जागा एन्व्हलपने पुढे सरकवा आणि दुसऱ्या एन्व्हलपने फिल्टर उलट दिशेने हलवा. एकूण उजेड जवळपास तेवढाच राहतो, पण आतला रंग मात्र पालटत जातो. नुसता फिल्टर किंवा नुसतं वेव्हटेबल हलवून हे साधत नाही. वेव्हटेबल संथ चालवताना पायऱ्या फार टोचू लागल्या तर त्याच्या जागेवर हलकासा एलएफओ सोडा. सीमेवर लहर मागेपुढे होत राहते आणि उडी एवढी ठळक राहत नाही.

डीडब्ल्यू-८००० चा सहा टप्प्यांचा एन्व्हलप वेगळंच काम करतो. डिकेनंतर, म्हणजे पहिल्या उतारानंतर, आवाज ब्रेक पॉइंटवर येतो आणि तिथून स्लोप त्याला सस्टेनकडे, म्हणजे पट्टी धरून असेपर्यंतच्या पातळीकडे, नेतो. सस्टेन ब्रेक पॉइंटपेक्षा वर ठेवला, तर छेडल्यासारखा आघात होऊन आवाज खाली जातो आणि मग पुन्हा फुगत येतो. अटॅक ०, डिके ८, ब्रेक पॉइंट १२, स्लोप २४, सस्टेन २८, रिलीज १४ असे आकडे घालून बघा. प्रत्येकाची मर्यादा ३१ आहे. हाच आकार फिल्टरच्या एन्व्हलपलाही द्या, पण स्लोप किंचित वेगळा ठेवा, म्हणजे आवाजाचं फुगणं आणि उजळणं एकाच क्षणी होणार नाही. डिलेचा काळ सगळ्यात लहान ठेवून त्यावर थोडं मॉड्युलेशन दिलं की तो कोरससारखा वागतो.

बेससाठी उलटं करा. लहर जितकी साधी तितकी बरी, फिल्टर जवळजवळ मिटलेला, एन्व्हलप आखूड, रेझोनन्स बेताचा. अशा फिल्टरांत रेझोनन्स वाढवला की खालचा भरणा कमी होतो, हे बेसमध्ये चटकन जाणवतं.

रेकॉर्ड करताना

आउटपुट थेट ऑडिओ इंटरफेसच्या लाइन इनपुटला द्या. सिंथचा व्हॉल्यूम पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण ठेवा आणि पातळी इंटरफेसवर जुळवा, म्हणजे यंत्राची स्वतःची हिस तुलनेने खाली राहते. आवाज झाकोळलेला वाटला तर इक्वलायझरने वरची पट्टी उचलण्याआधी फिल्टर दोन पायऱ्या उघडा. इक्वलायझर वाळू आणि स्वर दोन्ही सारखेच उचलतो; फिल्टर उघडताना रेझोनन्सची जागाही सरकते आणि आवाज स्वरातूनच उजळतो. नॉइज रिडक्शन मी तरी लावत नाही, कारण ते हिससोबत त्या बारीक पायऱ्याही पुसतं.

मिडीच्या बाबतीत थोडी दया दाखवावी लागते. मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट आहे. एक नोट पोहोचायला साधारण एक मिलिसेकंद लागतो, म्हणजे आठ स्वरांची कॉर्ड पूर्ण यायला आठ मिलिसेकंद. त्यात या यंत्रांचा प्रोसेसर नोटा वाचता वाचताच एन्व्हलपही मोजत असतो. सिक्वेन्सरमधून आफ्टरटच (दाबून धरलेल्या पट्टीवरचा दाब) आणि कंट्रोलरचा पूर आला की ठेका डळमळतो. पॅचमध्ये आफ्टरटच वापरला नसेल तर तो ट्रॅकमधून गाळून टाका. मिडीची एकच माळ सगळ्या वाद्यांतून नेण्यापेक्षा जुन्या यंत्राला स्वतंत्र मिडी पोर्ट द्या.

शेवटी, प्रत्येक प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये ऑडिओसोबत त्या पॅचची सिसेक्स फाइलही ठेवा आणि तिच्या नावात ट्रॅकचं नाव घाला. ईएसक्यू-१ मध्ये पॅचला ४० च जागा आहेत. पुढचं काम सुरू झालं की त्या भरतात, आणि तीन महिन्यांनी एखादा टेक पुन्हा घ्यायची वेळ आली तर नेमका तोच पॅच दुसऱ्या कशाने तरी झाकला गेलेला असतो.